मजकूर आणि सही : मद्रासच्या वृत्तपत्रांतील स्त्री

इ. स. १८७८ हे वर्ष मद्रासच्या इतिहासात दोन घटनांसाठी लक्षात राहावयास हवे होते. प्रत्यक्षात एकच राहिली. त्या वर्षी मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली आणि एका देशी माणसाला लाभलेला हा मान तेथील गोऱ्या मालकांच्या पत्रांना रुचला नाही. तेव्हा त्या पत्रांना उत्तर द्यावयाचेच असा निश्चय करून सहा तरुणांनी एक रुपया बारा आणे उसने घेतले, मिंट स्ट्रीटवरील श्रीनिधी छापखान्यात ऐंशी प्रती छापवल्या आणि २० सप्टेंबर रोजी 'द हिंदू' हे साप्ताहिक सुरू केले. ही हकीकत पुष्कळांनी पुष्कळदा सांगितली आहे. दुसरी घटना मात्र कोणी या पहिलीच्या शेजारी मांडून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच १८७८ साली अहमदनगरच्या एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी वैद्यकविद्या शिकण्यासाठी मद्रासला येऊन दाखल झाली. तिचे नाव कृपाबाई खिस्ती.

आपल्याविषयी दुसऱ्याने लिहावे आणि आपण ते निमूटपणे वाचावे ही स्थिती स्वाभिमानी माणसाला असह्य होते, म्हणून त्या सहा तरुणांनी पत्र काढले. पण जी स्थिती देशी पुरुषाला गोऱ्यांच्या पत्रांनी दिली होती, तीच स्थिती देशी स्त्रीला गोऱ्यांच्या आणि देशी पुरुषांच्या, अशा दोन्ही पत्रांनी दिली. आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा तिचा मार्ग कितीतरी लांबचा होता. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत एखाद्याचा उल्लेख एकदा होऊन गेला म्हणजे पुढे त्याला 'इसम मजकूर' म्हणत, गावाला 'मौजे मजकूर' म्हणत. मजकूर म्हणजे ज्याच्याविषयी बोलले गेले आहे तो. छापील पानावर स्त्री प्रथम आली ती या अर्थाने 'मजकूर' होऊन आली. कागदाखाली तिची स्वतःची सही पडायला फार काळ जावा लागला, आणि जिच्याविषयी सर्वांत अधिक छापले गेले तिची सही सर्वांत शेवटी व सर्वांत नाखुशीने स्वीकारली गेली. मद्रासच्या बाबतीत हे कसे घडले ते सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय तमिळ मुलुखातला असला तरी त्यात मराठी धागा जागोजाग सापडतो, आणि तो ओढून आणलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

मद्रासमधले पहिले वृत्तपत्र 'मद्रास कुरियर' हे १७८५ च्या ऑक्टोबरात निघाले. ते कंपनीच्या वसाहतीतल्या गोऱ्या लोकांसाठी होते आणि देशी स्त्रीला त्यात स्थान असण्याचे कारणच नव्हते. पुढे १८६५ मध्ये मिशनरी मंडळींनी 'अमृतवचनी' हे तमिळ मासिक काढले. ते स्त्रियांसाठी होते, परंतु स्त्रियांना चार हिताच्या गोष्टी ऐकवण्यासाठी होते, त्यांच्या चार गोष्टी ऐकून घेण्यासाठी नव्हते. या आरंभीच्या काळाविषयी अधिक लिहिण्यासारखे मला काही वाटत नाही. खरी कथा कृपाबाईंपासून सुरू होते.

कृपाबाई ही हरिपंत व राधाबाई खिस्ती यांची मुलगी. वडील लहानपणीच वारले. थोरला भाऊ भास्कर याने तिच्यात वाचनाची गोडी निर्माण केली, आणि तोही अकाली गेला. मुंबईच्या मिशन शाळेत तिची बुद्धिमत्ता पाहून तिला वैद्यकीच्या शिक्षणासाठी विलायतेस पाठवावे असे ठरत होते, परंतु प्रकृती नाजूक म्हणून तो बेत रहित झाला आणि मद्रासचा पर्याय पुढे आला. कारण मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ सालापासून स्त्रियांना आपली दारे उघडली होती, जी त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी उघडी होती. पहिल्या वर्षी तिने उत्तम यश मिळवले. पण अभ्यासाचा ताण शरीराला मानवला नाही आणि वैद्यकी सोडावी लागली. रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी तिची राहण्याची सोय झाली होती. त्यांचे चिरंजीव सॅम्युएल यांच्याशी १८८१ मध्ये तिचा विवाह झाला आणि हे दांपत्य उटकमंडला गेले. तेथे तिने मुसलमान मुलींसाठी शाळा चालवली, आणि तेथेच तिने निलगिरीच्या तोडा लोकांच्या वस्तीस दिलेल्या भेटीविषयी एक लेख लिहून तिथल्या 'साउथ इंडिया ऑब्झर्व्हर' या पत्रास पाठवला. लेखाखाली नाव नव्हते. 'एक हिंदी स्त्री' एवढीच सही होती.

या सहीजवळ मला थोडे थांबावेसे वाटते. नाव लपवण्याची ही रीत त्या काळी केवळ मद्रासची नव्हती. १८८५ च्या जूनमध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर जे पत्र प्रसिद्ध झाले आणि ज्याने एकच खळबळ उडवली, ते रखमाबाईंचे होते. आणि त्या स्वतः त्या वेळी दादाजी भिकाजी याने वैवाहिक हक्कासाठी लावलेल्या दाव्यात प्रतिवादी होत्या. म्हणजे एकाच वर्तमानपत्रात एका पानावर त्या नावानिशी खटल्याची बातमी होत होत्या आणि दुसऱ्या पानावर नावाशिवाय लेखिका होत होत्या. जिचे नाव बातमीत बिनदिक्कत छापले जाते तिला स्वतःचे विचार मांडताना ते झाकावे लागते, ही उलटी रीत ज्या समाजात सर्वमान्य होती त्या समाजाची वृत्तपत्रे स्त्रीविषयी काय लिहीत असतील याचा अंदाज बांधणे कठीण नाही. आणि त्याच्या चारच वर्षे आधी, सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली असता, 'पुणे वैभव' पत्राने त्या एका दुर्दैवी जिवावरून अवघ्या स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याचा संताप होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. आपल्या महाराष्ट्रात एका बातमीतून एक ग्रंथ जन्मास आला, आणि ग्रंथकर्तीने तो स्वतःच्या नावाने छापला. त्याबद्दल तिला जी निर्भर्त्सना सोसावी लागली ती पाहता रखमाबाई व कृपाबाई यांनी नावाऐवजी 'स्त्री' एवढाच शब्द का पुढे केला हे समजते. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली खरी, पण ताराबाईंची लेखणी त्यानंतर पुन्हा छापखान्यापर्यंत आली नाही.

कृपाबाई मात्र हळूहळू त्या आडोशातून बाहेर आल्या. १८८७ व ८८ मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझीन'मध्ये त्यांची 'सगुणा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. हिंदी स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली या प्रकारची पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते. दुसऱ्या कादंबरीत, 'कमला'त, नाशिककडच्या एका ब्राह्मण मुलीचे सासर-माहेर आहे. मद्रासच्या नियतकालिकांच्या पानांवर गोदावरीकाठच्या वाड्यातली मुलगी इंग्रजी भाषेत बोलू लागली, आणि तिच्या तोंडचे बोल कोणा सुधारकाचे नव्हते वा सनातन्याचेही नव्हते. तसल्याच घरांतून वाढलेल्या माणसांनी जिला घडवले अशा एका बाईचे होते. कृपाबाई १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारल्या. 'सगुणा' पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आता 'हिंदू'कडे वळू. त्याचे संपादक जी. सुब्रह्मण्य अय्यर हे नुसते लेखणीचे सुधारक नव्हते. १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मद्रासला भरले असता न्यायमूर्ती रानडे आणि दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्या पुढाकाराने तेथेच सामाजिक परिषदेचा पाया घातला गेला. रघुनाथराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, आणि विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. परिषदांतून ठराव पुष्कळ झाले. परंतु १८८९ मध्ये सुब्रह्मण्य अय्यर राष्ट्रीय सभेसाठी मुंबईस आले तेव्हा त्यांनी आपली बालविधवा मुलगी शिवप्रियाम्माळ हिचा पुनर्विवाह त्या शहरात लावून दिला, आणि मद्रासला परतल्यावर जातीचा बहिष्कार शांतपणे सोसला. ज्या संपादकाने दुसऱ्यांच्या घरातल्या विधवांविषयी लिहिले त्याने स्वतःच्या घराचे दार प्रथम उघडले, ही गोष्ट आजही आदराने सांगावी अशीच आहे. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहते. या विवाहावर अनुकूल-प्रतिकूल जे काही लिहिले-बोलले गेले त्यात पिता आहे, शास्त्र आहे, रूढी आहे, राष्ट्र आहे, शिवप्रियाम्माळ नाही. पुढच्या इतिहासग्रंथांतूनही ती बहुधा 'संपादकांची कन्या' म्हणूनच येते. ज्या प्रसंगात सर्वस्व तिचे पणाला लागले होते त्या प्रसंगाविषयी तिला काय वाटले, हे विचारावे असे त्या काळी कोणाच्या मनात आले नाही. कारण बातमी तिच्याविषयी असली तरी प्रश्न पुरुषांपुरुषांतला आहे, अशी सर्व पक्षांची प्रामाणिक समजूत होती. त्याच १८८९ च्या अधिवेशनास पंडिता रमाबाई इतर काही स्त्रियांसह प्रतिनिधी म्हणून हजर होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मौनाची खोली अधिकच जाणवते.

कृपाबाईंच्या मृत्यूनंतर सॅम्युएल सत्यनाथन यांनी दुसरा विवाह केला तो कमला नावाच्या तेलुगू मुलीशी. मद्रास इलाख्यातील अगदी पहिल्या स्त्री पदवीधरांपैकी त्या एक. १९०१ मध्ये कमलाबाईंनी मद्रासहून 'इंडियन लेडीज मॅगझीन' हे इंग्रजी मासिक काढले. स्त्रीने चालवलेले, स्त्रियांसाठीचे, आणि मुख्यतः स्त्रियांनीच लिहिलेले असे हे मासिक होते. आणि त्याची संपादिका आपल्या नावाने संपादिका होती. १९०६ मध्ये पती वारले; मुले लहान होती; तरी मासिक १९१८ पर्यंत चालले, आणि खंडानंतर १९२७ पासून ३८ पर्यंत पुन्हा निघाले. सरोजिनी नायडूंच्या आरंभीच्या कविता त्याने छापल्या. आणि १९०५ मध्ये, बिहारात भागलपूरला राहणाऱ्या रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान गृहिणीने, पडद्यात राहूनच शिकलेल्या इंग्रजीत, 'सुलतानाचे स्वप्न' नावाची जी कथा लिहिली ती प्रथम छापली गेली मद्रासच्या या मासिकात. त्या कथेतल्या राज्यात बायका राज्यकारभार व विज्ञान सांभाळतात, सूर्याच्या उष्णतेवर चुली पेटतात, आणि पुरुष 'मर्दान्या'त, म्हणजे घरातल्या बंद भागात, राहतात. आज जगभर या कथेचे तर्जुमे वाचले जातात. ती कलकत्त्यात किंवा लंडनमध्ये छापली गेली नाही, मद्रासच्या एका बाईच्या मेजावरून छापखान्यात गेली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते; कारण एखादी संपादिका नुसती बसलेली असली की दूरच्या परगण्यातली लेखिका लिहिण्याचे धाडस करते, हे त्यावरून दिसते. त्याच १९०५ साली सुब्रह्मण्य भारती हे तरुण कवी 'चक्रवर्तिनी' या तमिळ स्त्री-मासिकाचे संपादक झाले. भारतींची कळकळ शंकेच्या पलीकडची आहे. तथापि संपादकाच्या खुर्चीवर कोण बसले आहे याने पानावर फरक पडतो, आणि तो फरक कमलाबाईंच्या मासिकाचे व 'चक्रवर्तिनी'चे प्रयोजन शेजारी ठेवले की जाणवतो.

ॲनी बेझंट यांनी १९१४ मध्ये 'मद्रास स्टँडर्ड' विकत घेऊन त्याचे 'न्यू इंडिया' केले, सरकारने १९१० च्या छापखाना कायद्याखाली जामीन मागितला, तो जप्त केला, पुन्हा दहा हजारांचा मागितला, आणि १९१७ च्या जूनमध्ये बाईंना उटकमंडला नजरकैदेत ठेवले, हा भाग सर्वपरिचित आहे. मला येथे त्या वर्षातल्या दुसऱ्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. मे महिन्यात अड्यारला मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास आणि बेझंटबाई यांनी स्त्रियांची सभा स्थापन केली. आणि डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासमध्येच भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांना भेटले व त्याने मताधिकार मागितला. चारच वर्षांत, १९२१ मध्ये, हिंदुस्थानातील सर्व इलाख्यांत प्रथम मद्रासने स्त्रियांना मताचा हक्क दिला. या सभेचे मुखपत्र 'स्त्रीधर्म' १९१८ पासून निघू लागले. इंग्रजी मजकुराबरोबर देशी भाषांनाही त्यात पुढे जागा मिळाली. तिकडे त्रिप्लिकेनमध्ये वै. मु. कोदैनायकी अम्माळ या, ज्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते आणि ज्यांनी आपले पहिले लेखन मैत्रिणीला सांगून तिच्याकडून लिहवून घेतले होते, १९२५ पासून 'जगन्मोहिनी' मासिक चालवू लागल्या. पस्तीस वर्षे ते चालवले, शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवासही भोगला. आपल्याकडे किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक १९३० मध्ये सुरू झाले, आणि ते शंकररावांच्या संपादनाखाली. तेव्हा या बाबतीत मद्रास आपल्या पुढे होते हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

येथपर्यंतची कथा वाढत्या उजेडाची आहे. पण ज्या बायका शिकल्या, ज्यांना इंग्रजी किंवा छापील तमिळ आले, ज्यांची घरे प्रतिष्ठित होती, त्यांच्यापुरताच तो उजेड होता. मद्रासच्या पत्रांनी अर्धशतकभर ज्या स्त्रियांविषयी सर्वांत अधिक शाई खर्च केली त्या होत्या देवदासी. १८९३ मध्ये समाजसुधारकांनी व्हाइसरॉयला व मद्रासच्या गव्हर्नराला अर्ज केला की ज्या समारंभात कलावंतिणीचा नाच असेल त्यास आपण जाऊ नये. सरकारने तो मानला नाही, पण 'नाच' हा शब्द तेव्हापासून अग्रलेखांत कायमचा वस्तीला आला. नृत्य करणाऱ्या बाईला या लेखांत नाव नसे. ती एक प्रश्न होती, एक कलंक होती, फार तर एक दया करण्याजोगी वस्तू होती.

या नावहीनतेवर पहिला घाव घातला तो बंगळूर नागरत्नम्मा यांनी. म्हैसूर संस्थानातून मद्रासला येऊन स्थायिक झालेल्या या गायिकेची विद्वत्ता कानडी, तेलुगू व संस्कृत अशा भाषांत होती. तंजावरच्या मराठी राजांपैकी प्रतापसिंह भोसले यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची एक कवयित्री होऊन गेली; तिच्या 'राधिकासांत्वनमु' या तेलुगू काव्याची छापील प्रत नागरत्नम्मांनी मिळवली, पुढे हस्तलिखित हाती आले, आणि दोन्ही ताडून पाहता त्यांना आढळून आले की छापणाऱ्याने काही पद्ये तर गाळली आहेतच, पण कवयित्रीने आपली आजी, आपली आत्या अशी स्त्रियांकडून सांगितलेली स्वतःची विद्यापरंपरा ज्यात होती ती प्रस्तावनाही गाळली आहे. काव्य ठेवले आणि कर्तीचे कूळ पुसले. १९१० मध्ये नागरत्नम्मांनी वाविळ्ळा यांच्या छापखान्याकडून संपूर्ण पाठ प्रसिद्ध केला आणि आपण हे काम का केले ते स्वतःच्या नावाने लिहिले. 'शशिलेखा' या तेलुगू पत्राने त्यावर टीका करताना काव्याच्या शृंगारापेक्षा एका गणिकेने ते लिहावे व दुसरीने ते संपादावे याच गोष्टीवर अधिक बोट ठेवले. १९११ मध्ये सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. पुरुषांनी रचलेली तसलीच काव्ये पंडितांच्या पोथ्यांतून सुखाने नांदत होती.

पुढच्या काळातली सर्वांत मोठी स्त्री म्हणजे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. १९१२ मध्ये मद्रासच्या, म्हणजे कृपाबाईंनी जेथून अर्धवट पाऊल मागे घेतले त्याच महाविद्यालयातून, त्या वैद्यकीच्या पदवीधर झाल्या. १९२७ मध्ये मद्रास कायदेमंडळात बसणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या. आणि पुढे 'स्त्रीधर्म'च्या संपादिकाही होत्या. त्यांची आई देवदासी कुळातली होती. या प्रथेने मुलींचे काय होते हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी देवास मुली वाहण्याविरुद्ध ठराव आणला आणि १९२९ च्या कायद्याने देवळाच्या चाकरीशी बांधलेल्या इनाम जमिनी त्या चाकरीतून मोकळ्या होऊ लागल्या. परंतु त्याच वेळी देवदासींच्या संघटनांनी सरकारकडे अर्ज केले, की आम्हांला सरसकट वेश्यांच्या पंक्तीत बसवू नका, आमची विद्या वेगळी आहे, सुधारणा हवी असेल तर आम्हांला शिक्षण द्या. आणि नागरत्नम्मा त्या विरोधात अग्रभागी होत्या. उलट पक्षी, त्याच कुळातून आलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांनी प्रथेच्या विरुद्ध गावोगाव प्रचार केला आणि १९३६ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. म्हणजे त्या बायकांत दोन मते होती, ती दोन्ही विचारपूर्वक बनलेली होती, आणि दोन्हींना आवाज होता. मी स्वतः मुथुलक्ष्मींच्या बाजूचा आहे. अजाण मुलीचे आयुष्य देवळाच्या नावाने परस्पर ठरवून टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरी त्या दुसऱ्या अर्जांची भाषा प्रतिष्ठित माणसांची आहे आणि ती ऐकून घेणे न्यायाचे होते, असे मला मनापासून वाटते.

१९३२ च्या अखेरीस बोब्बिलीच्या राजेसाहेबांच्या सत्कारात नृत्य झाले, त्यावरून मुथुलक्ष्मी रेड्डी आणि वकील ई. कृष्ण अय्यर यांच्यात 'हिंदू' व 'मद्रास मेल' या पत्रांतून जो पत्रव्यवहार झाला तो मद्रासच्या वृत्तपत्रीय इतिहासातला एक थोर वाद समजला जातो. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कलेसाठी स्वतः स्त्रीवेष घेऊन नाचलेला वकील; दोघेही निःस्वार्थी, दोघेही विद्वान. वाचकांची पत्रे आली, संगीत अकादमीने चर्चा केली, आणि पुढच्या महिन्यात अकादमीत तंजावरच्या कल्याणी अम्माळच्या दोन मुलींचा नाच पाहायला गर्दी लोटली. या मुलींची नावे राजलक्ष्मी आणि जीवरत्नम. त्या वादाच्या मुळाशी अशाच मुली होत्या. पण तो वाद लढला गेला तो डॉक्टर आणि वकील यांच्या सह्यांनी. तीन वर्षांनी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला पहिले नृत्य केले. या नृत्याचे 'सदिर' हे जुने नाव जाऊन 'भरतनाट्यम' हे नाव रूढ झाले, आणि ज्या कलेवर कलंकाचे अग्रलेख निघत तिच्यावर गौरवाचे रकाने येऊ लागले. नर्तकीचे घराणे बदलताच रकान्याची भाषा बदलली.

कलावंत बाईविषयीची जुनी भाषा मात्र नाहीशी झाली नाही. ती बोलपटांकडे वळली. लक्ष्मीकांतन याच्या 'सिनेमा तूदु' व 'हिंदू नेसन' या पत्रांनी नटनट्यांच्या खाजगी आयुष्याच्या बदनामीवर धंदा चालवला. १९४४ च्या नोव्हेंबरात त्याचा भररस्त्यात खून झाला. त्या खटल्यात त्यागराज भागवतर व एन. एस. कृष्णन या नटांना शिक्षा झाली आणि पुढे ते निर्दोष सुटले, ही कथा तमिळ मुलुखात घरोघर माहीत आहे. त्या पत्रांतून ज्या नट्यांची नावे चिखलात ओढली गेली त्यांची कैफियत कोणत्याही न्यायासनापुढे आली नाही. साठ वर्षांनंतर, २००५ मध्ये, खुशबू या अभिनेत्रीने एका साप्ताहिकाच्या पाहणीत विवाहपूर्व संबंधांविषयी आपले मत सांगितले, तेव्हा तिच्यावर ठिकठिकाणच्या न्यायालयांत तेवीस फिर्यादी गुदरल्या गेल्या. मत सांगणे हा गुन्हा होत नाही असा निवाडा देऊन सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या त्या २०१० च्या एप्रिलमध्ये. एका मुलाखतीतल्या चार वाक्यांसाठी पाच वर्षे.

जगाची स्थितीही फार निराळी आहे असे नाही. १९९५ पासून दर पाच वर्षांनी एका ठरावीक दिवशी देशोदेशीच्या बातम्या मोजण्याचा जागतिक उपक्रम चालतो. पहिल्या मोजणीत, एकाहत्तर देशांत, बातम्यांत ज्यांचा उल्लेख झाला किंवा ज्यांचे म्हणणे दिले गेले अशा शंभर माणसांत सतरा स्त्रिया होत्या. २०२० मध्ये पंचवीस झाल्या. पंचवीस वर्षांत आठ. लंडन, टोकियो, नैरोबी, मद्रास, भाषा कोणतीही असो, उल्लेख करणारा आणि उल्लेख होणारी यांतले अंतर एका पिढीत इतकेच कमी झाले.

आता पुन्हा नागरत्नम्मांकडे जाऊन थांबतो. त्यांच्या हाती कोणतेही पत्र नव्हते. तंजावरजवळ तिरुवैयारू येथे, जेथे मराठी राजांच्या काळातच संगीतकार त्यागराजांनी देह ठेवला, तेथील समाधीची दुर्दशा कळली तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने तिच्यावर देऊळ बांधले. आणि त्या देवळात वार्षिक आराधनेच्या वेळी गाण्यास स्त्रियांना मनाई आहे असे पाहून १९२७ पासून स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. १९४० मध्ये सर्व पक्ष एक झाले आणि स्त्रियांचे गाणे त्या उत्सवाचा भाग झाले. १९४७ मध्ये मद्रासने देवदासी प्रथेच्या बंदीचा कायदा केला. मुद्दुपळनीच्या काव्यावरची बंदीही त्याच सुमारास उठली, आणि ते वाविळ्ळांनी पुन्हा छापले तेव्हा १९५२ साल उजाडले होते. त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या. तिरुवैयारूला कावेरीच्या काठी त्यागराजांच्या समाधीसमोर त्यांची समाधी आहे. आणि तेथे नाव आहे ते त्यांचे स्वतःचे.